जुने मेल परत आणताना

बॅकअप थेट चालू मेलबॉक्सवर ओतू नकोस, नाहीतर मेल सर्व्हरच्या अपग्रेडनंतर आलेले मेल पुसले जायचे. आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून बघ. सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये असतील तर साठवणीचा प्रकार एमबॉक्स. प्रत्येक मेलची वेगळी फाइल असेल तर बहुधा मेलडिर. मेलडिरमध्ये सबफोल्डरची नावं सहसा टिंबाने सुरू होतात, त्यामुळे साध्या यादीत दिसत नाहीत. मीही एकदा ‘सेंट’ फोल्डर गेलं म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो! फाइलनावाच्या शेवटी ‘एस’ म्हणजे वाचलेला मेल, तेव्हा नावं बदलू नकोस. कॉपी झाल्यावर फाइलींची मालकी (त्या कुठल्या युजरच्या नावावर आहेत ते) तपास; इनबॉक्स रिकामा दिसला तर बऱ्याचदा घोळ तिथेच असतो. मेलडिरच्या जुन्या इंडेक्स (सूचीच्या) फाइली आणायची गरज नाही, डव्हकॉट हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर त्या नव्याने बांधतं.