लेकरू जेवत नाही, की जेवून झालंय?

पत्र: "मुलगी 2 वर्षं 5 महिन्यांची आहे, वजन 11 किलो 200 ग्रॅम. मी सकाळी साडेनऊला घराबाहेर पडते, साडेसहाला परतते. नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि लावला की घास गालात धरून तासभर बसते. दूध मात्र 240 मिलीच्या चार बाटल्या, त्यातली एक रात्री तीनला. शी तीन-तीन दिवसांनी, तीही रडत. बाटली कमी करायचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, 'लेकराले काहून उपाशी मारून राह्यली? वाळून चालली पोट्टी.' भूक वाढायचं औषध आणू का? नोकरी सोडू का? आणि पुढच्या महिन्यात काटोलला लग्न आहे, तिथे बाटली न्यावी की नाही? — एक आई, मानेवाडा, नागपूर"

ताई, नोकरीचं आधी मिटवू. सोडू नका. तुम्ही दिवसभर घरी बसलात तरी बाटल्या चारच राहतील, आणि गोष्ट सगळी त्या बाटल्यांमध्येच आहे.

हिशेब करून बघा. चार बाटल्या म्हणजे 960 मिली, जवळजवळ लिटरभर. फुल क्रीम दुधाच्या 100 मिलीत साधारण 85 ते 90 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला सव्वाआठशेच्या वर कॅलरी नुसत्या दुधातून गेल्या. या वयाला लागतात हजाराच्या आसपास. उरल्या किती? एक केळं आणि अर्धी पोळी, एवढ्याच. तेवढं ती मोबाईलसमोर खातेच आहे. म्हणजे पोरगी उपाशी नाही. तिचं जेवण होऊन गेलेलं असतं आणि त्यानंतर आपण तिला ताटावर बसवतो. बाटलीत चॉकलेटी पावडर किंवा साखर पडत असेल, तर उरलेली जागाही गेली.

वजनाचंही तसंच. अडीच वर्षांच्या मुलींचं वजन सरासरी साडेबारा-पावणेतेरा किलो असतं आणि काळजीची रेघ 10 किलोच्या आसपास येते. तुमची त्या रेघेच्या बरीच वर आहे. पहिल्या वर्षात बाळ सहा-सात किलोंनी वाढतं, दुसऱ्या वर्षानंतर वर्षाला जेमतेम दोन किलो. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते, हा निसर्गाचाच हिशेब आहे. आजीला मात्र ते "वाळणं" दिसतं.

मग दूध एवढं असलं तर बिघडलं काय? दोन गोष्टी. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. लिटरभर दुधावर वाढणाऱ्या मुलांचं रक्त कमी होण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. दुसरं, एवढ्या दुधावर आणि चोथा नसलेल्या खाण्यावर शी कडक होते, दुखते, दुखते म्हणून मूल ती दाबून धरतं. पोट तुंबलेलं असताना कोण जेवेल?

आता बाटल्या उतरवायच्या कशा. एका दिवसात चारही बंद करायच्या फंदात पडू नका; तिसऱ्या दिवशी सगळं घर हरतं आणि चाराच्या पाच होतात. सुरुवात रात्री तीनच्या बाटलीपासून करा, कारण ती तुमच्या हातात आहे, तिथे कुणाला पटवावं लागत नाही. दर दोन रात्रींनी 60 मिली कमी: 240, मग 180, 120, 60. नवव्या रात्री फक्त पेल्यातून पाणी. रडेल, पाठीवर हात ठेवा, दिवा लावू नका. यातली मोठी चूक म्हणजे पाऊण तास रडू देऊन मग बाटली देणं. त्यातून ती एवढंच शिकते की पाऊण तास रडलं की मिळतं.

त्यानंतर सकाळची बाटली: दूध तेच, पण पेल्यातून, 150 मिली, आणि नाश्त्याच्या आधी नाही, नंतर. मग दुपारच्या झोपेची. झोपताना बाटली धरायची सवय असते म्हणून ही सर्वांत अवघड जाते. तिच्याजागी रोज तेच गाणं, तीच गोधडी द्या. रात्रीची शेवटी काढा: दूध पेल्यातून जेवणानंतर, त्यावर ब्रश, त्यावर झोप. तीन-साडेतीन आठवड्यांत दूध दिवसाला 400 मिलीच्या आसपास यायला हवं, वाटीभर दही वेगळं. आणि आजच तिचा वरचा ओठ उचलून बघा. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी पट्टी दिसली, तर ती कीड सुरू होण्याची खूण आहे. रात्रभर तोंडात राहिलेल्या दुधाचं ते काम. दंतवैद्याकडे जा आणि रात्रीच्या बाटलीला आणखी मुदत देऊ नका.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान ती दूधही कमी घेईल आणि जेवणही. घरातला धीर नेमका तेव्हाच सुटतो. पाणी पितेय, खेळतेय, दिवसात चार-पाच वेळा शू होतेय, तर दम धरा.

मोबाईल तिन्ही वेळचा एकदम काढू नका. आधी संध्याकाळच्या खाण्याचा काढा. तेव्हा दुपार उलटलेली असते, भूक खरी असते. जमिनीवर जुनी चादर पसरा, तिला पाटावर बसवा, शेजारी कुणीतरी स्वतःची ताटली घेऊन बसा. वीस-पंचवीस मिनिटं, त्यानंतर ताट उचला, बोलणी नाहीत. मग दोन-अडीच तास काहीही नाही. बिस्कीट नाही, चिवडा नाही, "एवढंसं केळं" नाही. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे तिनं. हे दुसरं वाक्य आजीला सोडाच, आईलाही पचत नाही. गालात घास धरणं हेही मोबाईलचंच: लक्ष पडद्यावर असतं, त्यामुळे भूकही कळत नाही आणि पोट भरल्याचंही. (दोन ते पाच वर्षांच्या मुलांना सगळा मिळून दिवसाला तासभर पडदा, तोही जेवणाबाहेर, ही बालरोगतज्ज्ञांची वरची मर्यादा आहे.)

ताटात किती? प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षागणिक एक मोठा चमचा. तुमच्या मुलीला अडीच चमचे वरण-भात, अडीच चमचे भाजी, पाव पोळी. बस. मोठ्यांची वाटी भरून समोर ठेवली की मूल बघूनच मान फिरवतं. कमी वाढा, मागू द्या. नवी भाजी नाकारली तर ती "आवडत नाही" असं ठरवून टाकू नका. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, ताटाच्या कडेला नुसती दिसावी लागते.

लोहासाठी बाहेरून काही आणायला नको, आपल्या घरी डाळभाजी होतेच. लोखंडी कढईत करा, वरून लिंबू पिळा. आंबटामुळे डाळीतलं आणि पालकातलं लोह अंगी लागतं. फक्त तिच्या वाटीतले अख्खे शेंगदाणे वेचून काढा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं ही पाच वर्षांपर्यंत घशात अडकणारी मंडळी. दाण्यांचा कूट द्या, द्राक्षाच्या उभ्या चार फोडी. मसूर, अळिवाची खीर, तिळाची चटणी, खात असाल तर अंडं. आणि चहात बुडवलेला टोस्ट बंद, आजीच्या कपातलाही. चहा लोहाचा वैरी आहे.

शीसाठी रोज नाश्त्यानंतर दहा मिनिटं पॉटीवर, पाय टेकतील असं पाटुकलं खाली. जेवल्यावर आतडी आपोआप हलतात, तीच वेळ साधायची. रात्री भिजवलेल्या पाच-सहा मनुका सकाळी कुस्करून द्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या. दुखणं थांबल्याशिवाय भीती जात नाही.

नागपूरचा उन्हाळाही हिशेबात धरा. पारा 44-45 वर असताना दुपारी एकला कुणालाच गरम जेवण जात नाही, तिलाही नाही. पोटभरीचं खाणं सकाळी आठला आणि सूर्य कलल्यावर ठेवा. दुपारी कूलरच्या खोलीत दहीभात किंवा ज्वारीची आंबील पुरे. पन्हं द्या, पण जेवणानंतर. सरबत जेवणाआधी पोटात गेलं, तर दुधाची जागा साखरेनं घेतली एवढंच होईल.

भुकेचं औषध दुकानातून मुळीच आणू नका. त्यातली काही मुळात ॲलर्जीवरची असतात आणि गुंगी आणतात. औषध थांबलं की भूकही जाते. त्यापेक्षा एकदा रक्त तपासा. हिमोग्लोबिन 11च्या खाली असलं तर डॉक्टर लोहाचं सिरप देतील. ते दुधाबरोबर द्यायचं नाही, शी काळी झाली तर घाबरायचं नाही, आणि बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही, कारण जास्त लोह विषारी असतं. जंताची गोळी सहा महिन्यांत झाली नसेल तर तेही विचारा. ती माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, तीन महिन्यांत वजन हललंच नसेल, शीतून रक्त जात असेल किंवा प्रत्येक घट्ट घासाला ठसकत असेल, तर वरचा सगळा बेत बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

राहिल्या सासूबाई. तुम्ही गेल्यावर नऊ तास लेकरू त्या सांभाळतात, आणि रडणारं मूल समोर असताना बाटली न देणं काय असतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्याशी वाद घालायला तुम्ही जाऊ नका, त्यांच्या मुलाला, म्हणजे तुमच्या नवऱ्याला, बोलू द्या. त्यांनी "आई, बाटली बंद" असं म्हणू नये. "आई, एवढ्या दुधात तिचं जेवण होऊन जातं, डॉक्टरांना विचारून बघू" म्हणावं आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत न्यावं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं सुनेच्या तोंडून ऐकल्यापेक्षा लवकर पटतं. कडू आहे, पण उपयोगी आहे. आणि पोरीला त्यांच्याबरोबर कामाला लावा. सांबार (कोथिंबीर) निवडायला, कणकेचा गोळा थापायला, मटार सोलायला. स्वतः थापलेली वेडीवाकडी पोळी ती खाते की नाही बघा, आणि आजीही मोबाईल शोधायच्या थांबतात का तेही.

काटोलच्या लग्नाला बाटली नेऊ नका, पण तोवर रात्रीची सुटली नसेल तर ती एक न्या, नवा प्रयोग लग्नघरी करू नका. झाकणाचा तिचा पेला आणि घरचं पाणी सोबत ठेवा. पंगतीत तुमच्या शेजारी वेगळी पत्रावळ मांडा, वरण-भात आणि मठ्ठा वाढा. जिलबी मागितली तर द्या.