गॅरेजची पत्रपेटी : जुनी जिप्सी आणि घरचं अंगण

पाऊस उघडला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत मारुती जिप्सी आणि जीप दिसू लागतात. या खेपेची पाचही पत्रं त्यांचीच आहेत. पत्रं थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : १९९८ ची जिप्सी किंग घेतली आहे. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. गाडीला खालून काळं डांबरी कोटिंग आहे, पण मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला त्याला फुगे आलेत. गॅरेजवाले म्हणतात, वरून पुन्हा कोटिंग मारा आणि दर पावसाळ्याआधी जळकं ऑईल फवारा. घरी आणखी काय करता येईल? (मालवण)

वरून काहीही मारू नका. फुगा म्हणजे कोटिंगखाली पाणी शिरलंय आणि बाहेर पडायला त्याला वाट नाही. एक फुगा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटून बघा. आत तांबूस, पापुद्र्यापापुद्र्याची पत्री निघाली तर त्याखाली किती लोखंड उरलंय हे खरवडल्याशिवाय कळणार नाही. जळक्या ऑईलने थोडे दिवस पाणी अडतं, पण शॅकलचे (स्प्रिंगच्या पाट्या चॅसीला टांगणारे दुवे) आणि बॉडी माउंटचे (बॉडी चॅसीवर टेकते त्या जागा) रबर बुश फुगून मऊ पडतात, ऑईलला धूळ चिकटून ओला लेप तयार होतो, आणि पुढे कधी रंग द्यायचा म्हटलं तर तो धरत नाही.

आधी तपासणी. गाडी सपाट जागी घ्या, जॅकवर उचलून चारी बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. छोट्या हातोडीने चॅसीवर एकेक वीत अंतराने ठोकत जा. जाड पत्रा ‘टण’ वाजतो, सडलेला ‘बद्द’. शंका असलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हर जोर लावून दाबा. मागचे शॅकल हँगर, मागचा आडवा मेंबर, बॉडी माउंटच्या खालची जागा, पुढच्या चाकांमागचे कोपरे, पुढच्या मॅटखालचा फ्लोअर आणि काचेच्या फ्रेमचे खालचे दोन कोपरे, इतकी ठिकाणं तरी सोडू नका. काचेच्या रबराखालून झिरपलेलं पाणी मॅटखाली साचतं आणि फ्लोअर वरून खाली सडत जातो. म्हणून आधी मॅट काढा, नंतर गाडीखाली जा.

चॅसी बंद पेटीसारखी असते. आत रेती आणि मीठ साचलेलं असतं, म्हणून निचऱ्याची सगळी भोकं तारेने मोकळी करा आणि नळी आत सोडून गोडं पाणी मारत राहा. पहिली पाच मिनिटं चहासारखं पाणी येतं. स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं नाही. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या.

कोटिंग हीट गन आणि खरवडणीने काढा. ग्राइंडरवर थेट वायर कप लावला तर डांबर वितळून सगळीकडे सारवलं जातं. डांबर निघाल्यावर वायर कप चालवा. चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण कपाच्या तारा तुटून उडतात. डिझेलने धुतलं असेल तर त्याचा तेलकट थर डिग्रीझरने आणि शेवटी थिनरच्या फडक्याने काढा.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा घट्ट काळा थर करणारं रसायन, वापरताना बरेच जण चुकतात. तो पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर काम करतो. पापुद्र्यांवर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. फॉस्फोरिक ॲसिडचा असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ संपल्यावर ओल्या फडक्याने पुसून वाळवा. उरलेलं ॲसिड इपॉक्सी प्रायमरला नीट घट्ट होऊ देत नाही. झिंक प्रायमर कन्व्हर्टरवर देऊ नका, त्याला उघडं चकचकीत लोखंडच लागतं. साधा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो. त्यावर दुसरा रंग न देता गाडी समुद्राकाठी उभी केलीत तर एका पावसात मेहनत फुकट जाईल.

आमची पसंती दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरला. जिप्सीच्या चॅसीला ब्रशने दोन हात द्यायला हार्डनर धरून दीड ते दोन लिटर पुरतो. डब्यावरच्या प्रमाणात मोजून मिसळा, अंदाजाने हार्डनर वाढवू नका. सकाळी हात लावल्यावर पत्रा गार आणि दमट लागत असेल तर ऊन चढेपर्यंत थांबा, दवावर दिलेला रंग पुढे सालीसारखा निघतो. वर चॅसी ब्लॅकचे दोन हात. शेवटी लांब नळीच्या नोझलने पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा. दीड-दोन लिटर लागेल. वॅक्सने निचऱ्याची भोकं बुजली असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळी करा.

स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला तर काम वेल्डरचं. त्याला दोन गोष्टी सांगा : सडका पत्रा कापून टाकून मगच नवा बसवायचा, आणि चॅसीवरच्या ठिगळाची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती ठेवायची. उभ्या सरळ वेल्डवर सगळा ताण एका रेषेत येतो आणि चॅसी बरोबर तिथेच तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा आणि जवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवा. पत्र्याच्या भोकावर लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. लोहचुंबक जिथे चिकटत नाही, तिथे लांबी.

प्रश्न : २००४ ची पांढरी जिप्सी. बॉनेटवर हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी लागते. पॉलिश करावं की सरळ ऑलिव्ह ग्रीन करून टाकावी? (नाशिक)

ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. दुसरा कुठलाही रंग दिलात तरी आरसीवर बदलाची नोंद करून घ्यावी लागते. तुमच्या गाडीला १५ वर्षं होऊन गेलीत, म्हणजे दर ५ वर्षांनी नूतनीकरणासाठी ती आरटीओसमोर उभी राहणार. आरसीवर पांढरी आणि समोर हिरवी, असं असेल तर त्याच दिवशी परत फिरावं लागेल.

शिवाय तुमचा रंग मेलेला दिसत नाही. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात घासा. फडक्यावर पांढरा रंग उतरला तर वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही, साधा एकेरी रंग आहे. उन्हाने त्याचा वरचा थर मेला की भुकटी लागते, खाली चांगला रंग असतो. (पांढऱ्या फडक्यावर पांढरा दिसत नसेल तर काळं फडकं घ्या. हे आम्हालाही एकदा वाचकानेच सुचवलं.)

गाडी सावलीत धुवा, क्ले बारने खरखर काढा, बॉनेटच्या आणि दारांच्या कडांना मास्किंग टेप लावा. कडेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथेच प्रायमरपर्यंत जातं. ड्युअल ॲक्शन मशीन, फोमचं पॅड, मध्यम कंपाउंडचे चार ठिपके, एका वेळी दीड फूट चौरस जागा, उभे-आडवे चार फेरे. एकेरी रंगात पॅड लवकर भरतं, म्हणून दर दोन चौकोनांनंतर ब्रशने साफ करा, नाहीतर मेलेलाच रंग पुन्हा पसरवत बसाल. मग बारीक पॉलिश आणि लगेच वॅक्स. वॅक्स न देता उन्हात ठेवलीत तर काही महिन्यांत भुकटी परत येईल. बंपरच्या करड्या पडलेल्या प्लास्टिकला कंपाउंड लागू देऊ नका, पांढरे डाग खाचांत बसतात आणि निघता निघत नाहीत.

पूर्ण रंगच द्यायचा ठरला तर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग घरच्या पोर्चमध्ये फवारू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट साध्या धुळीच्या मास्कने अडत नाही.

प्रश्न : ५५-६० च्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाही. व्हील बॅलन्सिंग झालं, नवा स्टिअरिंग डँपर (थरथर शोषणारा दांडा) टाकला. महिनाभर बरं होतं, पुन्हा तेच. गाडी जिप्सी, २००१. (चंद्रपूर)

डँपरने दुखणं झाकलं गेलं, एवढंच. सरळ पुढच्या ॲक्सलचे गोळे, म्हणजे नकल (चाक वळवणारे सांधे), यांच्याकडे चला.

आधी फुकटची तपासणी. इंजिन बंद, गाडी चाकांवर. एकाने स्टिअरिंग हातभर डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. टाय रॉड एंडमध्ये सैलपणा असेल तर बोटाला ‘टक’ कळतो. पाट्यांचे शॅकल बुश आणि यू बोल्टही याच वेळी बघा.

मग पुढचं चाक उचला आणि वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ जाणवला तर मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिनचं, म्हणजे नकल ज्या खुंटीवर वळते तिचं बेअरिंग. तुम्ही लिहिलेली लक्षणं दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतात.

किंगपिन वर एक, खाली एक, दोन्हींवर छोटी टेपर बेअरिंग. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी ठोकले जाऊन कपावर बारीक आडव्या खळग्या पडतात. कप उन्हात तिरका धरला की नखाच्या ओरखड्यांसारख्या दिसतात. मग सरळ जाताना नकल कधी खळगीत बसते, कधी बाहेर उडते, आणि थरथर सुरू होते. बेअरिंग कपासकट बदला. जुन्या कपात नवं बेअरिंग घालून उपयोग नाही.

बसवताना शिम, म्हणजे मध्ये घालायच्या पातळ चकत्या, महत्त्वाचे. उघडताना वरचे आणि खालचे शिम वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. गोळ्याची वर्तुळाकार सील आणि टाय रॉड न जोडता, टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून नकल ओढा. साधारण एक ते दोन किलोला हलू लागायला हवी. अजिबात जोर न लागता फिरली तर शिम कमी करा, जड गेली तर वाढवा. ही पायरी गाळली की महिनाभरात तुमच्यासारखंच पत्र येतं.

गोळा उघडल्यावर आत घट्ट ग्रीसऐवजी पातळ, उग्र वासाची आमटी दिसली तर आतलं ॲक्सलचं ऑईल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑईल गोळ्यात येतंय. ते सील याच खेपेला बदला. आणि डिफरन्शियलचा ब्रीदर (आतली हवा सोडणारी वाट) तपासा. तो चिखलाने बुजला की गरम हवेचा दाब सीलमधूनच वाट काढतो. उलट, गरम ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात थंड झाला की सीलमधून पाणी आत ओढतो. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ओतून टाका, ऑईल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत नवं भरा.

पाट्यांचं काम काढलंत तर एक ध्यानात ठेवा : शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून बसवल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

महिंद्राच्या जुन्या जीपवाल्यांनो, तुमच्याही बंद गोळ्याच्या ॲक्सलला हेच किंगपिन आणि शिमचं गणित लागू आहे.

प्रश्न : कार्ब्युरेटरची जिप्सी महिन्यातून दोनदाच चालते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. काय काळजी घ्यावी? (पुणे)

इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. अर्धी रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर हवेतली ओल पेट्रोलमध्ये उतरते, पुरेशी जमली की पाण्या-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो, आणि टाकी तळापासून गंजू लागते. गाडी उभी करायची तर टाकी भरून करा.

जुनी होज चिमटीत दाबून वाकवा. भेगा दिसल्या किंवा हाताला काळं लागलं तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या होज बदला, परतीची धरून. ‘पेट्रोल पाईप’ म्हणून मीटरवर मिळणारी पारदर्शक नळी नको. इथेनॉल चालणारी, आर-९ छापाची फ्युएल होज मागा. कार्ब्युरेटरचं किट आणि पंपाचा डायफ्रॅमही त्याबरोबर. पुढचे काही महिने फिल्टर लवकर चोंदेल, कारण इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं. दोन जास्तीचे फिल्टर गाडीत ठेवा.

टाकीत गंज असेल तर उतरवून, पूर्ण रिकामी करून, साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. मग लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकलेल्या कोमट पाण्याने भरून २४ तास ठेवा. ओतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि लगेच वाळवा. ओली ठेवलीत तर तासाभरात आत केशरी झाक येते. रिकाम्या टाकीजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग नको. भरलेलीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची.

प्रश्न : जुन्या जीपचे गोल हेडलाइट मिणमिणते आहेत. १०० वॉटचे बल्ब टाकू का? (सांगली)

नका. होल्डर आणि कॉम्बिनेशन स्विच वितळतील. लाइट लावून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनवर मीटर धरा. दोन्हींत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर, अप्परला एक आणि डिप्परला एक असे दोन रिले, आणि घासून लख्ख केलेला अर्थिंगचा जोड, एवढं करा. आहे तोच ६०/५५ चा बल्ब लावून बघा. रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर मात्र पूर्ण लाइटच बदला.