खांबावरचा डोमकावळा कोणाचा?

प्रश्न: मुलाकडे व्हँकुव्हरला गेलो असताना स्टॅनली पार्कमधले उंच, रंगीत कोरीव खांब पाहिले. सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, ही तिथल्या आदिवासींची दैवतं, सगळ्यांत वर बसलेला तो मोठा देव. हे खरं का? जुने खांब रानात कुजू देतात असंही ऐकलं, ते का? पुढच्या खेपेला दिवाणखान्यासाठी एक लहान खांब आणावा म्हणतो. (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही, ती दैवतं नाहीत आणि त्यांची पूजाही होत नाही. कॅनडाचा पश्चिम किनारा आणि अलास्काचा दक्षिण भाग इथले हैदा, त्लिंगित, त्सिमशियन, हैस्ला, क्वाक्वाकावाक्व हे समाज असे खांब उभारतात. त्यावर घराण्याची चिन्हं असतात: डोमकावळा, गरुड, अस्वल, लांडगा, बीव्हर (पाण्याकाठचा, झाडं कुरतडणारा प्राणी), किलर व्हेल. आपल्या देवकाशी याचं थोडं नातं जुळतं. एकच देवक असलेल्या घरांत आपल्याकडे सोयरीक होत नाही. हैदांचेही डोमकावळा आणि गरुड असे दोन गट, लग्न दुसऱ्या गटातच करायचं. मात्र मुलं आईच्या गटात जातात.

वरचा मोठा, खालचा लहान अशी उतरंड त्यात नसते. उलट खालची आकृती बघणाऱ्याच्या नजरेसमोर येते, म्हणून पुष्कळदा मुख्य कारागीर ती स्वतः कोरतो. सरळ चोचीचा डोमकावळा, बाकदार चोचीचा गरुड, पुढचे दोन मोठे दात आणि चौकडीची शेपटी असलेला बीव्हर, एवढं तुम्हालाही ओळखता येईल. पण तो डोमकावळा तिथे का आला, ही गोष्ट त्या घराण्याच्या मालकीची. ती सांगण्याचा हक्कही त्यांचाच.

मी सुतारांच्या घरातली, त्यामुळे माझं लक्ष आधी लाकडाकडे जातं. खांब तांबड्या सीडर या झाडाचा. सरळ रेषांचं, सहज फाटणारं आणि अंगच्या तेलामुळे वर्षानुवर्षं पावसात टिकणारं लाकूड. ओंडक्याची पाठ बहुतेक वेळा पोखरून काढतात, त्याने वजन घटतं आणि तडे कमी जातात. आकार वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीने काढायचा, बारीक काम वाकड्या पात्याच्या सुरीने. वाकसाचे घाव कित्येक कारागीर मुद्दाम तसेच ठेवतात, आणि मला ते फार आवडतात.

कोरून झालं तरी काम संपत नाही. खांब उभारताना पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ होतो. यजमान घराणं आपला वारसा सर्वांसमोर सांगतं, आणि आलेल्यांना भेटवस्तू देतं, कारण ते साक्षीदार असतात. कॅनडा सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत याच समारंभावर कायद्याने बंदी घातली होती. साक्षीदार जमवणंच गुन्हा ठरल्यावर खांब उभारायचा कसा? हैदांच्या हैदा ग्वाई या बेटांवर, ओल्ड मॅसेट गावात, रॉबर्ट डेव्हिडसन या हैदा कारागिराने १९६९ मध्ये खांब उभारला, तो तिथे कित्येक दशकांत पहिला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. विधी कसा करायचा हे वृद्धांना आठवून आठवून सांगावं लागलं.

कुजण्याबद्दल. हैदांच्या स्गांग ग्वाई बेटावरचे अनेक खांब ही थडगी आहेत. वरच्या टोकाशी पेटीत मृताचे अवशेष ठेवलेले असत. १९८१ पासून ते ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे, तरी हैदांच्या मते खांबाने शेवटी मातीत मिळावं हेच योग्य. हैस्ला समाजाचा गिप्सगोलॉक्स खांब १९२९ मध्ये कापून स्वीडनमधल्या एका संग्रहालयात नेला गेला. आपली माणसं गमावलेल्या एका प्रमुखाने तो १८७२ मध्ये करवून घेतला होता. समाजाने मागणी केली, बदली खांब कोरून दिला, आणि २००६ मध्ये मूळ खांब घरी परतला. परत देताना, तो बंदिस्त इमारतीत जपून ठेवावा असा संग्रहालयाचा आग्रह होता. मला तो पटत नाही. दुःखासाठी उभारलेल्या खांबाचं काय करायचं हे त्या घराण्यानेच ठरवायला हवं.

तुम्ही पाहिलेले खांब बहुतेक प्रतिकृती किंवा नव्याने कोरलेले आहेत, आणि उत्तरेकडच्या समाजांच्या परंपरेतले. स्टॅनली पार्कची भूमी मात्र मस्क्वियम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाटुथ लोकांची. त्यांच्याकडे घराचे कोरीव खांब आणि स्वागताच्या आकृती असत. मस्क्वियम कलाकार सुझन पॉइंट यांनी कोरलेली तीन प्रवेशद्वारं २००८ पासून तिथेच आहेत. पुढच्या वेळी ती पाहाच.

विकत घ्यायला हरकत नाही. हैदा कारागीर आर्जिलाइट या काळ्या मऊ दगडाचे लहान खांब एकोणिसाव्या शतकापासून खास विक्रीसाठीच कोरत आले आहेत. किंमत जास्त असते. लाकडी घेणार असाल तर दुकानात यंत्रावर काढलेल्या नकला खूप दिसतील. कोरणाऱ्याचं नाव आणि तो कोणत्या समाजाचा, हे दोन्ही विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर घेऊ नका.