मुलाला खेळाचे प्रशिक्षण वडिलांनीच द्यावे का?

अकरा वर्षांच्या मुलाला धावण्याचे प्रशिक्षण स्वतः द्यावे की प्रशिक्षकाच्या हाती सोपवावे, आणि त्याच्याशी कितपत कठोर वागावे, असे आपण विचारले आहे. सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वडील आणि प्रशिक्षक एकच असले, की हरलेल्या मुलाला परत जायला घर उरत नाही.

मी शाळेत असताना ८०० मीटर धावत असे आणि वडीलच मला शिकवत. तेराव्या वर्षी एका स्पर्धेत दोनपैकी पहिली, ४०० मीटरची फेरी ६६ सेकंदांत संपवून मी सर्वांच्या पुढे होते. दुसरीला ८२ सेकंद लागले आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तिघी मला मागे टाकून गेल्या. परतताना स्कूटरवर मागे बसून मी वडिलांच्या पाठीला चिकटलेल्या सदऱ्यावरचा घामाचा डाग पाहत होते, आणि ते मान किंचित वळवून, वाऱ्यात अर्ध्या विरणाऱ्या आवाजात, कोणत्या वळणावर माझे खांदे वर गेले आणि कोठे मी ‘सोडून दिले’ ते सांगत होते. गुडघ्याखाली ठणकते आहे, असे मी म्हणाले, तेव्हा ‘हरल्यावरच बरे दुखते!’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पायऱ्या चढण्याचा सराव ठरल्याप्रमाणे झाला.

तीन आठवड्यांनी शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी मला जिना आडव्या पावलांनी उतरताना पाहिले. गुडघ्याच्या वाटीखाली आलेले टेंगूळ त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबले आणि मी किंचाळले. डॉक्टरांनी ऑस्गुड-श्लाटर असे निदान केले. वाटीखालची कंडरा नडगीच्या हाडाला जेथे जोडलेली असते, तो भाग वाढीच्या वयात पुरेसा पक्का झालेला नसतो. धावणे आणि उड्या अति झाल्या, की सततच्या ओढीने तेथे सूज येते. बाईंनी मला घरी बसवले नाही. धावपट्टीच्या कडेला उभे करून माझ्या हाती स्टॉपवॉच दिले आणि लहान मुलांच्या दर २०० मीटरच्या वेळा मोठ्याने सांगायला लावल्या. दोन महिन्यांत पावलांच्या आवाजावरून मला वेग ओळखू येऊ लागला. पुढच्या वर्षी मी दोन्ही फेऱ्या ७१-७१ सेकंदांत धावले, म्हणजे एकूण वेळ सहा सेकंदांनी कमी झाली. शर्यत संपल्यावर बाई म्हणाल्या, ‘पाणी पी. बाकीचे सोमवारी बोलू.’

‘पाया मी घातला, बाईंनी फक्त कळस चढवला,’ हे वडिलांचे वाक्य मी नंतर कित्येक वर्षे ऐकत आले. त्या पायात माझे गुडघे पुरले गेले होते, हे त्यांनी कधीच मान्य केले नाही.

पी. व्ही. सिंधूचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू. वडील तर १९८६च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. खेळातले त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही मुलगी घडली ती गोपीचंद यांच्या हाताखाली, आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी तीन महिने तिचा फोन काढून घेण्याची कठोरताही प्रशिक्षकाचीच होती. कठोरपणा त्या नात्यात शोभतो, कारण मैदान सोडल्यावर ते नाते थोडे सैल होते. उलट, आंद्रे अगासीला वडिलांनी लहानपणापासून चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभे केले. आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवूनही आपल्याला टेनिसचा तिटकारा होता, असे त्यानेच पुढे लिहिले. १९९२मध्ये विम्बल्डन जिंकल्यावरही वडिलांनी प्रथम काढला तो गमावलेल्या चौथ्या सेटचा विषय. हे वाचताना मला स्कूटर आठवली.

वडिलांवर अन्याय नको, म्हणून हेही लिहिते की पहाटे पाच वाजता उठून थंडीत माझ्यासाठी उभे राहणारे तेच होते आणि बूट फाटण्याआधी नवे आणणारेही तेच होते. शिवाय चांगला प्रशिक्षक सर्वांनाच मिळतो असे नाही. स्वतःच शिकवण्याची वेळ आली, तर आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्या आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंत त्याला एकाच खेळाला जुंपू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६मध्ये हीच शिफारस केली आहे. आणि परतीच्या वाटेवर शर्यतीचा विषय त्याने काढल्याशिवाय आपण काढू नका.

माझ्या वेळा टिपून ठेवलेली वडिलांची वही अजून कपाटात आहे. ६६ या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आहेत, आणि ती फेरी बरोबरच होती, असे ते आजही म्हणतात.