बदलापूर की विक्रोळी? घर बदलताना किती लांब जावं

चाळ पुनर्विकासाला गेली, तीन वर्षं बाहेर काढायची. विकासक महिन्याला २४,००० रुपये भाडं देतोय. काळाचौकीत एका खोलीचे २७,००० सांगतात, बदलापूरला ९,००० मध्ये वन बीएचके मिळतो. "एवढं लांब जाणं आईंना झेपेल का? पण लोक जातातच ना?" लालबागच्या वैशालीताईंचा हा प्रश्न. (नावं, आकडे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

लोक जातात, पण आपल्याला वाटतं तितके लांब नाही. २०११ च्या जनगणनेत शेवटच्या राहत्या ठिकाणावरून मोजलेले ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित आहेत. त्यांतले साधारण ६२ टक्के जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हललेले, दुसऱ्या राज्यात गेलेले जेमतेम १२ टक्के. यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांची संख्या मोठी आहे, म्हणून हा आकडा घर बदलण्याला जसाच्या तसा लावू नये. पण भूगोलतज्ज्ञ रेव्हनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून १८८५ मध्ये हेच मांडलं होतं, की बहुतेक माणसं जवळच सरकतात. शिवाय जिल्हा हे माप फसवं आहे. लालबागहून विक्रोळीला गेलं तरी जिल्हा बदलतो आणि बदलापूरहून मुरबाडला गेलं तर बदलत नाही.

म्हणून किलोमीटर बाजूला ठेवून आम्ही त्यांना घरातल्या चौघांच्या आठवड्याचा कागद करायला सांगितला: वैशालीताई, त्यांचे यजमान सुनीलराव, शाळकरी मुलगा आणि प्रश्नातल्या आई, म्हणजे मुलाच्या आजी. कोण कुठे जातं, किती वेळा, कसं, आणि घराच्या दारापासून तिथल्या दारापर्यंत किती मिनिटं. इथे हमखास एक चूक होते. माणसं फक्त गाडीतला वेळ धरतात. सुनीलरावांनीही "बदलापूर ते दादर सव्वा तास" एवढंच लिहिलं होतं. शेअर रिक्षा १५ मिनिटं, फलाटावर १०, दादरला गाडी बदलून परळ १०, पुढे पायी १० हे धरल्यावर एका बाजूचे दोन तास झाले. सहा दिवसांचे आठवड्याला २४ तास, तेही गाडी वेळेवर असेल तर. वैशालीताईंची नोकरी दादरला, त्यांचंही गणित फारसं वेगळं नव्हतं. कागदावर खरी अडचण दिसली ती निराळीच. सकाळी सव्वासातपासून रात्री सव्वाआठपर्यंत ७१ वर्षांच्या आजी अनोळखी इमारतीत जवळपास एकट्या.

आजींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय, कुठंही ठेवा." हे उत्तर संमती म्हणून घ्यायचं नसतं. वृद्ध माणसाला "कुठे आवडेल" विचारलं की ते घरच्यांचा खर्च आठवून गप्प बसतं. "कुठे नको ते सांगा" असं विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं: "दार लावून बसावं लागेल तिथं नको." त्यांना चिंता लांबच्या प्रवासाची नव्हतीच, बंद दाराची होती. गुरुवारचं भजन आणि केईएम रुग्णालयातली महिन्याची फेरी त्यांनी नंतर सांगितली.

मधला पर्याय विक्रोळीच्या कन्नमवार नगरात निघाला. तळमजल्याची खोली, १८,००० भाडं, दार उघडलं की समोर अंगण. कामाला एका बाजूचा एक तास. बदलापूरच्या मानाने महिन्याला ९,००० जास्त जातात. पण आठवीतल्या मुलाची शाळा बदलावी लागत नाही, आणि ते महत्त्वाचं, कारण तीन वर्षांत त्याची दहावी येते. शाळा दुपारची असल्याने जाताना गाडी रिकामी मिळते. संध्याकाळी सहाला करी रोडहून परतीची गर्दी मात्र त्याच्या वयाला नको, म्हणून तो लालबागलाच आत्याकडे थांबतो आणि बाबांबरोबर परततो. असली व्यवस्था घर पक्कं करण्याआधी ठरवावी आणि सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी, एकदा करून पाहावी. रविवारी घर बघून आलेल्यांना पहिल्या सोमवारी धक्का बसतो.

भाडेकरार सवयीने ११ महिन्यांचा करतात. प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर ३६ महिन्यांचा मागावा; भाडेवाढ आणि घर लवकर सोडण्याची अट त्यातच लिहून घ्यावी. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. दर ११ महिन्यांनी सामान बांधणं हे वृद्धांना एका लांबच्या स्थलांतरापेक्षा जड जातं, असं आमचं मत.

सामान हलवण्याच्या दिवशी आजींचं सामान शेवटी बांधावं आणि आधी सोडावं: देव्हारा, पलंग, औषधांचा डबा, चष्मा. न्हाणीघराच्या दिशेच्या मानाने पलंग जुन्या घरात जसा होता तसाच लावावा आणि वाटेत रात्रभर छोटा दिवा. नव्या घरात पडण्याचा धोका रात्री उठताना जास्त. त्यांची ट्रंक न विचारता कमी करू नये. या घरात मुलाने ती 'जुनी' म्हणून भंगारात काढली होती, ती वेळेवर परत आणली गेली. केईएमचे केसपेपर आणि औषधांची यादी ट्रकमध्ये नको, हातातल्या पिशवीत असू द्यावी.

पहिले काही आठवडे झोप मोडणं, जेवण कमी होणं, "आपल्या घरी जाऊ" म्हणणं चालतं. उदासी दिवसातला बराच वेळ आणि सलग दोन आठवडे राहिली तर डॉक्टरांना दाखवावं. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणसं ओळखेनात किंवा सारखी गुंगी राहू लागली, तर "घर बदललंय ना, म्हणून" असं म्हणत थांबू नये. संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा औषधांची गडबड यांतलं काहीतरी असू शकतं, आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो.