लेहला दोन वर्षं राहिल्यावर हृदयात काय बदल होतात?
तुमच्या भावाची पुण्याहून लेहला बदली झालीय, म्हणून विचारताय. लेह साधारण ३,५०० मीटरवर. तिथे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. पहिले काही दिवस नाडी पळते, एक जिना चढला तरी छातीत धडधडतं. मग रक्तातलं पाणी घटतं, पुढे तांबड्या पेशी वाढतात आणि बसल्याजागी ठोके बरेचसे उतरतात. धावताना मात्र ते पुण्यात जायचे तेवढे वर जात नाहीत. हृदय हात राखून काम करतं म्हणा ना!

खरा भार उजव्या बाजूवर. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलता ढकलता उजव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंत हळूहळू जाड होऊ शकते. लेहच्या उंचीवर बहुतेकांचं निभतं. सहा हजार मीटरच्या आसपास काही आठवडे राहिलेल्या काही भारतीय जवानांचे मात्र पाय सुजले, उजवं हृदय थकलं. खाली आणल्यावर ते सुधारले. तिबेटी लोकांत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांतला दाब फारसा चढत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई.

भावाला पहिले दोन दिवस नुसतं लोळत पडायला सांगा. बसल्याजागी धाप लागली तर लगेच डॉक्टर गाठायचा.