मँचेस्टरला येतोय. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जिओकॅशिंग करता येईल असं इतिहास असलेलं एखादं खेडं सुचवाल का? नुसती चर्चं बघायचा त्याला कंटाळा येतो.

ईमला जा. स्पेलिंग ई-वाय-ए-एम, पण 'एयाम' म्हणालात तर बसवाला गोंधळेल. शेफिल्डजवळ, डर्बीशायरच्या डोंगरात आहे.

मुलाला चर्चं बघायचा कंटाळा येतो म्हणताय, मग हा खेळ बराच. ॲपमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात. तिथं जाऊन लपवलेली डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तशी ठेवून द्यायची. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि जागा नेमकी दाखवता येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने पहिली 'डबी' म्हणून एक बादली लपवली. तिथून हे खूळ सुरू झालं.

आता माझी फजिती. ईमहून स्टोनी मिडलटनकडे शेतांतून पायवाट जाते. फोन म्हणत होता, आलंच. समोर एक धोंडा आणि त्यावर सहा भोकं. डबी लपवायला याहून झकास जागा कुठली? घातलं बोट. आत पावसाचं गार पाणी, शेवाळ आणि तळाशी एक नाणं. कुत्रं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले नि हसून म्हणाले, "बाई, तिथं काही मिळायचं नाही. तिथं पैसे ठेवायचे असतात."

हा गावाच्या शिवेचा दगड. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापड आलं, त्यातून पिसवा आल्या असं मानतात. आठवड्याभरात त्याचा मदतनीस प्लेगने गेला. पुढच्या वर्षी पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी लोकांना पटवलं, की शीव ओलांडायची नाही. शेजारगावचे लोक दगडापाशी अन्न ठेवून जात आणि नाण्यांवरून रोग पसरू नये म्हणून ईमचे लोक भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकत. नोव्हेंबर १६६६ पर्यंत सुमारे २६० माणसं गेल्याचं सांगतात. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. त्या थडग्यांना रायली ग्रेव्ह्ज म्हणतात.

आपल्याकडे प्लेगात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधायचे. इथं नेमकं उलटं. कोंडून घेतल्यामुळेच जास्त मेले, असंही काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं, पण त्या दगडाजवळ उभं राहून तसं बोलवत नाही.

डबी नंतर सापडली. कुठे ते सांगणार नाही, खेळाचा नियम आहे! नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही. दगडी कुंपणं नुसती रचलेली असतात, शोधताना त्यांचा एकही दगड हलवू देऊ नका. फाटकं लावून घ्या, आत मेंढ्या असतात. आणि पेन्सिल आपली न्या. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या छोट्या डबीत कागदाची गुंडाळी मावते, पेन्सिल नाही.